विचारायचं कुणाला?

साशंक : हिंगोली जिल्ह्यात दर दहा माणसांमागे साधारण एक मुसलमान आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला हा जिल्हा १९४८ पर्यंत दोनशेहून अधिक वर्षं निजामाच्या मुलखात होता आणि हिंगोली हे तर छावणीचंच गाव. इथला मुसलमान घरात दखनी बोलतो, मोंढ्यात मराठी बोलतो आणि शाळेत किंवा मदरशात उर्दू वाचायला शिकतो. त्याच्यापर्यंत धर्म आला तो ओळखीच्या माणसांच्या तोंडून. जुम्याला खुतबा देणारा इमाम, दर्ग्यातला मुजावर, मोहरमच्या सवारीत पुढे चालणारा वयस्क, नमाजाचे अरकान शिकवणारी दादी. यांतला प्रत्येक माणूस शहाणा होता असं माझं म्हणणं नाही. पण तो समोर होता. चुकला तर चार माणसं त्याला मशिदीच्या पायरीवर अडवून विचारत, ‘मौलाना, हे कुठं लिहिलंय?’ तो उत्तर देई, नाही तर गप्प बसे, आणि दोन्ही गोष्टी साऱ्या मोहल्ल्याला दिसत. आता सेनगावच्या किंवा वसमतच्या एखाद्या पोराच्या हातातल्या मोबाइलवर रात्री अकरा वाजता लाहोरचं भाषण चालतं, त्यानंतर लखनौचं, मग लंडनचं. बोलणाऱ्याला हा पोरगा माहीत नाही, त्याचं गाव, त्याचे शेजारी, त्याच्या घरातली भांडणं माहीत नाहीत. पोराला शंका आली तर खाली प्रतिक्रिया लिहायची जागा आहे, पण तिथं उत्तर द्यायला कुणी बसलेलं नसतं. नव्या माध्यमांनी इस्लामचं ज्ञान वाढवलं असं म्हणतात. माझ्या मते त्यांनी ज्ञान सांगणाऱ्याची जबाबदारी काढून घेतली.

आशावादी : मशिदीच्या पायरीवर अडवून कोण विचारत होतं, हे आधी पाहू. पुरुष विचारत होते, त्यातही वजन असलेले. तलाकचा, वारशाचा, मेहरचा प्रश्न ज्या बाईच्या जिवाशी होता, तिला त्या पायरीपर्यंत येण्याची सोय नव्हती. ती नवऱ्याला सांगे, नवरा मौलानांना विचारी आणि उत्तर परत येई ते नवऱ्याच्या तोंडून. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच टपाल नेणारा. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा नेला, तेव्हा तो इतिहास ठरला, कारण त्या बायकांनी मधला माणूस वगळून थेट सरकारसमोर तोंड उघडलं होतं. तुम्ही ज्याला जबाबदारी म्हणता ती निम्म्या समाजाच्या बाबतीत कधी नव्हतीच. आज कळमनुरीतली एखादी मुलगी दारुल उलूम देवबंदच्या संकेतस्थळावर आपला प्रश्न स्वतः टाकू शकते, त्याच प्रश्नावर दुसऱ्या पंथाचं मत वाचू शकते, कुराणाचं मराठी भाषांतर उघडून मूळ आयत कुठल्या संदर्भात आली ते पाहू शकते. तिला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि दूरच्या इस्लामनं स्थानिक इस्लाम बदलला ही तक्रार मोबाइलवर लादू नका. मौलाना इलियासांनी १९२६ च्या सुमारास मेवातमध्ये तबलीगचं, म्हणजे धर्मप्रचाराचं, काम सुरू केलं. त्यानंतर जमाती रेल्वेनं आल्या, एसटीनं आल्या, पायी आल्या आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांपर्यंत पोचल्या. सवारी उठवणं चूक, उरुसातली कव्वाली चूक, हे सांगणारे लोक व्हॉट्सअ‍ॅप जन्मण्याच्या कितीतरी आधी इथल्या मशिदींत मुक्कामाला होते. २०१८ च्या फेब्रुवारीत औरंगाबादजवळ लिंबेजळगावला लाखोंचा इज्तेमा भरला, तो त्या पायी चाललेल्या कामाचा परिपाक होता.

साशंक : तबलीगचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. जमात गावात येते तेव्हा ती मशिदीत झोपते, तिथंच चूल मांडते, घरोघर ‘गश्त’ला जाते. तीन दिवस ती माणसं तुमच्यासमोर असतात. एखादा म्हातारा त्यांना ऐकवतो की आमच्या आजोबांपासून सवारी उठते आणि तिच्यापुढे गावातले मराठे, धनगर, मांग सगळे नारळ फोडतात. तुम्ही उद्या निघून जाल, आम्हाला इथं राहायचंय. त्या वादात कधी जमात जिंकली, कधी म्हातारा. पुष्कळ गावांत दोघांनी समेट केला आणि सवारीही उठत राहिली, जमातही येत राहिली. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात आजही हिंदू भाविकांची गर्दी असते. मधल्या कित्येक दशकांत तबलीगचं काम जोरात असूनही ती आटली नाही. ही समेटाची जागा मोबाइलमध्ये नाही. तिथं तासाभराच्या भाषणातला चाळीस सेकंदांचा तुकडा फिरतो, आणि फिरतो तोच जो सगळ्यात धारदार असतो. बरेलवी आलिमानं देवबंदीला गप्प केलं, अहले हदीसवाल्यानं दोघांना. पाहणारा पोरगा कुराण शिकत नाही, कुणाला कसं निरुत्तर करायचं ते शिकतो. पाकिस्तानी धर्मप्रवचनकार डॉ. इसरार अहमद २०१० साली वारले. त्यांची भाषणं आजही त्याच आवेशात कानावर पडतात, आणि ऐकणाऱ्याला ती कोणत्या देशातल्या कोणत्या राजकारणाला उद्देशून होती याचा पत्ताही नसतो. पाकिस्तानातल्या श्रोत्यांशी, तिथल्या बहुसंख्याकांशी बोललेलं भाषण हिंगोलीत दहांत एक असलेल्या माणसाच्या कानात जसंच्या तसं ओतलं जातं.

बाईचं म्हणाल तर त्याच मोबाइलनं तिला तलाकही पोचवला. २०१९ चा कायदा वाचा. तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिलेला तात्काळ तीन तलाक रद्दबातल आहे असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कायदा करणाऱ्याला ‘इलेक्ट्रॉनिक’ हा शब्द घालावा लागला, कारण नवरे एका संदेशात संसार संपवत होते.

आशावादी : आणि तोच संदेश नवऱ्याविरुद्ध पुरावा झाला. हा फरक लहान मानू नका. तोंडी तलाकच्या प्रकरणात काय होत असे? नवरा कोर्टात सांगे, मी अमुक दिवशी तलाक दिला, म्हणून पोटगी लागू नाही. दिला की नाही, केव्हा दिला, समेटाचा प्रयत्न झाला की नाही, सगळं त्याच्या शब्दावर. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दगडू पठाण विरुद्ध रहीमबी या प्रकरणात २००२ साली पूर्णपीठानं ठरवलं की असा नुसता दावा चालणार नाही. तलाकला वाजवी कारण होतं आणि आधी दोन्हीकडच्या मध्यस्थांकडून समेटाचा प्रयत्न झाला, हे नवऱ्यानं सिद्ध केलं पाहिजे. हिंगोली त्याच खंडपीठाच्या हद्दीत येते. हा निकाल एका सामान्य बाईच्या भांडणातून आला, तीन तलाकवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या पंधरा वर्षं आधी. पण तो किती बायकांना माहीत होता? त्या काळात तो वकिलांच्या पुस्तकात पडून राहिला. आज एखादी कार्यकर्ती पाच मिनिटांच्या दखनी चित्रफितीत तो समजावून सांगू शकते आणि पाहणारी ती चित्रफीत बहिणीला पाठवू शकते.

जबाबदारीबद्दलही माझं उलट म्हणणं आहे. तोंडी दिलेला सल्ला मौलाना दुसऱ्या दिवशी नाकारू शकत होते. संकेतस्थळावरच्या फतव्याला क्रमांक असतो, तारीख असते, मजकूर असतो. २०१७ साली देवबंदनं समाजमाध्यमांवर स्वतःचे फोटो टाकणं नाजायज ठरवलं, तेव्हा देशभर त्यावर वाद झाला, कारण लिहिलेलं सगळ्यांच्या समोर होतं. विचारणारे हजारो झाले. मोहल्ल्यातल्या चार पुरुषांपेक्षा ही जबाबदारी मोठी नाही का?

साशंक : लिहिलेल्या उत्तराची जबाबदारी वाढते, हे कबूल. पण फतवा हा प्रश्नाला दिलेला असतो, आणि प्रश्न कसा मांडलाय त्यावर उत्तर ठरतं. मुफ्तीसमोर बाई बसलेली असेल तर तो चार गोष्टी उलट विचारतो, तिच्या चेहऱ्याकडे पाहतो, भावाला बोलावतो. संकेतस्थळाच्या खिडकीत टाकलेल्या सहा ओळींवरून तो फक्त मसला सांगू शकतो. अर्थात समाजाच्या आतली ही पडझड कालांतरानं सावरेलही. मला जास्त भीती वाटते ती बाहेरच्या बाजूची. हीच माध्यमं मुसलमानाबद्दल काय पोचवतात आणि त्याचा हिशेब कुणाकडून वसूल होतो, ते पाहा.

व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस कसं चालतं, एवढंच बारकाईनं बघू. ते चोवीस तास टिकतं आणि ज्यांचे नंबर एकमेकांकडे आहेत त्यांनाच दिसतं. ठेवणाऱ्या पोराला वाटतं, आपण आपल्या पाच-पन्नास ओळखीच्यांशी बोलतोय. त्यातला एक जण पडद्याचं चित्र काढून घेतो. त्या क्षणी चोवीस तासांची मुदत संपते, ओळखीचं वर्तुळ संपतं, आणि उरतं ते एक नाव आणि एक मजकूर. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात हेच झालं. औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्यावरून ठेवलेली काही स्टेटस, ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलं, आणि त्यावरून शहर बंद, दगडफेक, इंटरनेट ठप्प. फटका बसला तो ज्यांनी स्टेटस पाहिलंही नव्हतं अशा दुकानदारांना. त्याच वर्षी १० सप्टेंबरला सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला आक्षेपार्ह पोस्टचं निमित्त झालं, जमाव मशिदीवर चालून गेला आणि एक तरुण मारला गेला. त्याआधी २ जून २०१४ ला पुण्यात हडपसरला शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर फिरली, आणि नमाजाहून परतणारा सोलापूरचा एक तरुण संगणक अभियंता दाढी-टोपीवरून ओळखला जाऊन ठार झाला. त्या पोस्टशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये त्या खटल्यातले सगळे आरोपी सुटले. म्हणजे पोस्ट टाकणारा कुणी वेगळाच, मारणारा न्यायालयात सिद्ध होत नाही, आणि जीव गेला तो तिसऱ्याचा. मी जबाबदारी हरवली म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हे असतं. ती हरवून हवेत विरत नाही. ज्याचं नाव, कपडा किंवा मोहल्ला जुळतो त्याच्या अंगावर ती जाऊन पडते.

आशावादी : या तिन्ही घटनांपुढे मान खाली घालावी लागते, आणि मी त्यांना किरकोळ म्हणणार नाही. तरी मला दोन गोष्टी पुढे मांडायच्या आहेत. पहिली अशी की हा रोग मुसलमानांपुरता नाही आणि मुसलमान त्याचे केवळ बळीही नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. तिथं मुसलमानाचा प्रश्नच नव्हता. १२ नोव्हेंबर २०२१ ला त्रिपुरातल्या हिंसेच्या निषेधाचे मोर्चे निघाले आणि अमरावती, मालेगाव, आपल्या शेजारचं नांदेड इथं दुकानं फुटली. त्रिपुरात काही ठिकाणी खरंच मोडतोड झाली होती, पण मोर्चेकऱ्यांच्या फोनमधल्या पुष्कळ चित्रफिती भलत्याच ठिकाणच्या होत्या. ती जबाबदारी आपल्या समाजानं घेतली पाहिजे. दुसऱ्या दिवशी अमरावतीत उलट बाजूचा बंद झाला आणि पुन्हा तेच.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. राईनपाड्याच्याच दिवशी मालेगावातही तीच अफवा होती. जमावानं बाहेरगावच्या पाच जणांना घेरलं, त्यात दोन वर्षांचं मूल होतं. एका रहिवाशानं त्यांना आपल्या घरात घेऊन दार लावलं, मग पोलीस आले, आणि पाचही जण वाचले. मालेगाव मुस्लिमबहुल शहर आहे. अफवा तीच, माध्यम तेच, दिवस तोच. राईनपाड्यात दार उघडलं नाही, इथं उघडलं. त्यामुळे सगळा दोष मोबाइलच्या खात्यावर टाकला की गावातल्या माणसानं काय केलं हा प्रश्न सुटून जातो. आणि तुमच्या ‘समोरच्या माणसा’च्या जुन्या व्यवस्थेनं तरी काय केलं? २०२० च्या मार्चमध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, दिल्लीत तबलीगच्या निजामुद्दीन मरकजचं प्रकरण झालं, तेव्हा तबलीगवाल्यांना रोग पसरवणारे ठरवलं ते फक्त अफवांच्या फॉरवर्डनी नाही. ज्यांना संपादक आहेत, परवाना आहे, कार्यालयाचा पत्ता आहे, अशा वाहिन्या आणि वर्तमानपत्रं त्यात होती. औरंगाबाद खंडपीठानं २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले, तेव्हा मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतल्या मोठ्या अपप्रचाराचा स्पष्ट उल्लेख केला आणि या लोकांना बळीचा बकरा बनवल्याची शक्यता बोलून दाखवली. नाव-पत्ता असूनही जबाबदारी पाळली गेली नाही. मग नाव-पत्ता हाच उपाय कसा?

साशंक : तो निकाल मी जपून ठेवण्यासारखा मानतो. पण बदनामी पसरली काही तासांत आणि निकाल आला पाच महिन्यांनी. त्या पाच महिन्यांत भाजीच्या गाड्यावर नाव विचारलं गेलं. नंतर हा निकाल किती गटांत फिरला? पालघरजवळ गडचिंचल्याला १६ एप्रिल २०२० रोजी दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. कारण तेच, चोर आणि पोरं पळवणाऱ्यांची अफवा. तरी त्याला हिंदू-मुस्लिम रंग इतक्या वेगानं चढला की गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं, यात एकही मुसलमान नाही. राज्याचा गृहमंत्री आरोपींचा धर्म वाचून दाखवतो, यापेक्षा हतबलता कुठली? खुलासा नेहमी अफवेच्या मागून धावतो, आणि धावावं लागतं ते नेहमी आरोप झालेल्यालाच.

याचा परिणाम आतही होतो. २०१६ साली परभणीत दहशतवादविरोधी पथकानं काही तरुणांना इंटरनेटवरून आयसिसशी संबंध ठेवल्याच्या आरोपाखाली पकडलं. त्यातल्या एकाला उच्च न्यायालयानं २०२१ च्या ऑगस्टमध्ये जामीन दिला, कारण पाच वर्षं झाली तरी खटला उभा राहिला नव्हता. काही आरोपींनी पुढे गुन्हा कबूल केला, तेही इथं सांगितलं पाहिजे. म्हणजे धोका खरा आहे. पण त्या अटकांनंतर या भागातल्या आईबापांनी पोरांना काय सांगितलं असेल? धर्माचं काही उघडू नकोस, काही पुढे पाठवू नकोस, राजकारणावर बोलू नकोस. ज्यांनी विचारपूर्वक बोलायला हवं होतं ते गप्प झाले आणि माध्यम उरलं ते बेदरकार पोरांच्या हाती. बोललेल्या बायकांचं काय झालं तेही पाहिलं. २०२१ आणि २०२२ मध्ये मुस्लिम महिलांचे फोटो चोरून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी दोन अ‍ॅप निघाली. निवडल्या होत्या त्या बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या बायका. तुमच्या कळमनुरीच्या मुलीनं हे पाहिलं तर ती प्रश्न विचारील, पण स्वतःच्या नावानं विचारणार नाही.

आशावादी : मग बिननावानं विचारू दे, निदान विचारील. माझं म्हणणं आता थोडं बदलून मांडतो. मी माध्यम मुक्ती देतं असं म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो की ते दूरचं राहिलंच पाहिजे असं नाही. २०२५ साली मुंबईत भोंग्यांवर पोलिसांची कारवाई वाढली, तेव्हा माहीमच्या जुम्मा मशिदीसारख्या मशिदींनी आपली अजान मोबाइल अ‍ॅपवरून परिसरातल्या नमाज्यांच्या फोनवर पोचवायला सुरुवात केली. लाहोरची अजान नाही, आपल्या गल्लीच्या मशिदीची, तिथल्याच मुअज्जिनच्या आवाजात. भोंगा काढावा लागला याचं दुःख आहेच, पण तंत्र स्थानिक करता येतं हे त्यातून दिसलं. तसंच हिंगोलीच्या इमामांनी आपल्या नावानं, आपल्या आवाजात, दखनीत आणि मराठीत बोलावं. मराठीत तर बोलावंच. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. संत नामदेवांचं नरसी हिंगोली जिल्ह्यातच आहे. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. शेजाऱ्याला कळेल अशा भाषेत स्वतःबद्दल सांगण्याची परंपरा इथं आहे, आणि मोबाइलवर ती जवळजवळ दिसत नाही. आपल्या धर्माच्या गोष्टी आपण शेजाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत फिरवतो आणि शेजाऱ्याकडे आपल्याबद्दल फिरतं ते दुसऱ्याच कुणी लिहिलेलं मराठी असतं. ही पोकळी आपली आहे.

साशंक : या शेवटच्या मुद्द्यावर मी तुमच्याबरोबर आहे. पण इमामांनी आपल्या नावानं बोलावं म्हणता, तेव्हा काय मागता ते नीट पाहा. २०२१ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणातला निकाल लागला : गटातल्या सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, आधीचा संगनमताचा इरादा दिसत नसेल तर, व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीनं तो निकाल योग्यच आहे. दुसऱ्याच्या कृत्याची शिक्षा कुणाला का? कंपनी म्हणते, मजकूर आमचा नाही. पुढे पाठवणारा म्हणतो, मी लिहिलेलं नाही. अ‍ॅडमिन कायद्यानं मोकळा. आता तुमचे मौलाना मोहल्ल्याचा गट काढतील, आपलं नाव आणि चेहरा पुढे ठेवतील. त्या गटात एखाद्या रात्री एका पोरानं काही टाकलं, तर न्यायालय मौलानांना सोडील हे मला माहीत आहे. सकाळी मशिदीच्या दारात जमलेला जमाव त्यांना सोडील का?

आशावादी : नाही सोडणार, कदाचित. पण गट नसता तर जमाव जमला नसता, असं तुम्ही म्हणू शकता का? कोल्हापुरात दुकानदारांचा कुठला गट होता? गप्प राहिलेल्यालाही हिशेब द्यावाच लागला. मौलाना ओळखीचे असतील, त्यांचं मराठी बोलणं शेजारच्या गल्लीनं सहा महिने ऐकलेलं असेल, तर त्या सकाळी जमावात एखादा तरी माणूस असेल जो म्हणेल, थांबा, या माणसाला मी ऐकलंय. तो असेलच याची हमी मी देऊ शकत नाही.

साशंक : आणि तो नसेल तर आपण मौलानांना पुढे ढकलून मोकळे झालो असं होईल. ही जोखीम कुणी उचलायची, मौलानांनी एकट्यानं, की त्यांच्या बाजूला स्वतःच्या नावानिशी उभं राहायला त्याच गल्लीतला एखादा देशमुख, एखादा कांबळेही तयार आहे, हे ठरल्याशिवाय मी त्यांना गट काढा असं सांगणार नाही.

आशावादी : मी सांगेन. मात्र आधी त्या देशमुखांना आणि कांबळेंना विचारीन, आणि त्यांचं उत्तर ‘नाही’ आलं तर काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे आज नाही.